चालत्या जाळ्यात नवा स्विच

गडहिंग्लज हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, हिरण्यकेशी नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव. थोडे पुढे गेले की संकेश्वर आणि कर्नाटकाची हद्द. मिरची आणि गुळाची बाजारपेठ म्हणून या गावाचे नाव आहे, तसे फुटबॉलच्या वेडासाठीही आहे. आजरा आणि चंदगड तालुक्यांतील माणसेही बँक, दवाखाना, बाजार आणि सरकारी कचेऱ्यांच्या कामासाठी येथेच येतात. डोंगराकडच्या एखाद्या वाडीवरून सकाळच्या एसटीने निघालेला निवृत्त शिक्षक पेन्शनसाठी बँकेच्या खिडकीपाशी पोहोचतो आणि आतून उत्तर येते, 'सर्व्हर डाऊन आहे.' त्याच्यापुरता तो दिवस संपलेला असतो. परतीची एसटी दुपारची असते आणि उद्या पुन्हा यायचे, तर भाडेही पुन्हा पडते.

गंमत अशी की, अशा वेळी सर्व्हर बहुधा कोठेतरी मुंबईत किंवा पुण्यात व्यवस्थित चालू असतो. बंद पडलेला असतो तो खिडकीवरचा संगणक आणि सर्व्हर यांच्यामधला रस्ता. त्या रस्त्यावरचे पहिले नाके म्हणजे संस्थेच्या एखाद्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटात बसवलेला नेटवर्क स्विच. हे यंत्र दिवसरात्र हिरवे दिवे लुकलुकवत असते आणि ते बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही.

संस्था वाढते, संगणक वाढतात, भिंतींवर सीसीटीव्ही कॅमेरे लागतात आणि एक दिवस स्विचमधील सर्व जागा भरून जातात. नवा स्विच जोडावाच लागतो. पूर्वी हे काम रात्री किंवा रविवारी उरकले जाई. आता ती सोय राहिलेली नाही. एनईएफटी ही पैसे पाठवण्याची सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून, तर आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास आणि वर्षाचे सर्व दिवस सुरू झाली. त्याआधी २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयला तर कार्यालयीन वेळ कधी नव्हतीच. रुग्णालयाला तर सुटी ठाऊकच नसते. साखर कारखान्याला गळीत हंगाम संपल्यावर दुरुस्तीसाठी मोकळे महिने मिळतात. बँकेला आणि रुग्णालयाला असा बिगर हंगाम मिळत नाही. त्यामुळे चालू असलेले जाळे न थांबवता त्यात नवे यंत्र कसे बसवावे, हा आता केवळ तंत्रज्ञांच्या चर्चेचा विषय राहिलेला नाही.

दवंडी, पोस्टमन आणि 'कल्पना'

स्विच म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कार्यालयातील संगणक एकमेकांना जोडण्याची इथरनेट ही पद्धत अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. सुरुवातीला सर्व संगणक एकाच तारेवर असत. पुढे 'हब' नावाची पेटी आली. हबचे काम दवंडी पिटणाऱ्यासारखे होते. एका संगणकाने पाठवलेला निरोप हब सर्वांना ऐकवी आणि ज्याचा असेल त्याने तो घ्यावा, अशी ही रीत होती. एका वेळी दोघे बोलले की दोघांचेही शब्द वाया जात आणि पुन्हा बोलावे लागे.

स्विच हा दवंडीवाला नव्हे, पोस्टमन आहे. कोणत्या जोडणीवर कोणता संगणक आहे, याची नोंद तो स्वतःच ठेवतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेला 'मॅक' पत्ता पाहून तो निरोप नेमक्या दारी पोहोचवतो. एकाच वेळी अनेक जोड्यांचे संभाषण एकमेकांत न मिसळता चालू शकते, ते यामुळेच.

अनेक जोडण्यांचा इथरनेट स्विच बाजारात प्रथम आणणाऱ्या कंपनीचे नाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. ते होते 'कल्पना'. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज यांनी लॅरी ब्लेअर यांच्यासह कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली आणि भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव तिला दिले. १९९० च्या सुमारास तिचा स्विच बाजारात आला. दोन यंत्रांमधील अनेक तारा एकत्र बांधून त्यांचा जणू एकच जाड दोर करण्याची युक्तीही याच कंपनीने रूढ केली. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने 'कल्पना' विकत घेतली. ही दोर वळण्याची युक्ती आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

अनेक यंत्रे, एक कारभार

जागा कमी पडू लागली की एका स्विचला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी साखळी लावत जाणे हा सर्वांत सोपा मार्ग. मात्र त्यात प्रत्येक यंत्राचा कारभार वेगळा राहतो. पाच स्विच असतील तर पाच ठिकाणी नोंदी कराव्या लागतात आणि साखळीतील मधले एक यंत्र बंद पडले की पुढची सगळी अंधारात जातात.

यावर उपाय म्हणून 'स्टॅक' ही रचना आली. सिस्कोने २००३ मध्ये आपल्या ३७५० मालिकेत ती 'स्टॅकवाइज' या नावाने आणली. ती मालिका पुढे बंद झाली, तरी रचनेचे तत्त्व आजच्या यंत्रांत कायम आहे आणि इतर कंपन्यांनीही ते आपापल्या नावांनी स्वीकारले आहे. एकावर एक ठेवलेले स्विच मागच्या बाजूने खास केबलने वर्तुळाकार जोडायचे, म्हणजे पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि शेवटचा पुन्हा पहिल्याला. असे जोडले की सर्व यंत्रे मिळून बाहेरच्या जगाला एकच मोठा स्विच दिसतो. त्याचा पत्ता एक, नोंदवही एक आणि कारभारीही एक. ३७५० मालिकेत अशी नऊ यंत्रे एकत्र येऊ शकत आणि त्यांच्यातील वर्तुळाची क्षमता सेकंदाला ३२ गिगाबिट होती. आजच्या ९३०० मालिकेत आठ यंत्रे जोडता येतात आणि क्षमता ४८० गिगाबिटपर्यंत जाते.

या कुटुंबाचा कारभारी निवडणुकीने ठरतो. प्रत्येक यंत्राला एक ते पंधरा यांपैकी प्राधान्यक्रम देता येतो. ज्याचा आकडा मोठा तो कारभारी. सर्वांचे आकडे सारखेच असले, तर इतर निकष पाहिले जातात आणि अखेरीस ज्याचा मॅक पत्ता लहान त्याची निवड होते. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक यंत्राचा आकडा 'एक' असतो. म्हणजे संस्थेने काहीच ठरवले नाही, तर कारभारी कोण हे निव्वळ योगायोगावर राहते. बऱ्याच घोटाळ्यांचे मूळ येथेच असते.

वर्तुळाचा फायदा असा की ते एका ठिकाणी तुटले, तरी कोणीही एकटे पडत नाही. निरोप उलट्या दिशेने फिरून पोहोचतो, फक्त क्षमता निम्मी होते. काम न थांबवता नवे यंत्र जोडणे शक्य होते, ते केवळ या गुणामुळे. आपण वर्तुळ एका ठिकाणी मुद्दाम उघडतो, त्या फटीत नवे यंत्र बसवतो आणि वर्तुळ पुन्हा मिटवतो.

चूक कोठे होते?

ऐकायला हे सोपे वाटते आणि करायलाही फार कठीण नाही. तरीही अनेकांचे जाळे या कामात कोसळते, कारण क्रम चुकतो. तीन चुका विशेष घातक ठरतात.

पहिली चूक म्हणजे नवा स्विच चालू ठेवून जोडणे. नव्या स्विचला वीज दिली की, आपल्याभोवती कोणी नाही असे पाहून तो स्वतःलाच कारभारी ठरवतो. एका यंत्राचे का होईना, त्याचे स्वतंत्र राज्य सुरू होते. अशा स्थितीत तो चालू स्टॅकला जोडला, तर दोन राज्ये समोरासमोर येतात आणि पुन्हा निवडणूक होते. हरणाऱ्या बाजूची सर्व यंत्रे बंद होऊन नव्याने सुरू होतात. नवा हरला, तर तो एकटाच पुन्हा सुरू होतो आणि कोणाला काही कळत नाही. पण जुन्या कारभाऱ्याचा आकडाही 'एक'च ठेवलेला असेल आणि कौल नव्या यंत्राच्या बाजूने लागला, तर भर दुपारी अख्खा स्टॅक बंद पडतो. शिवाय नव्या कारभाऱ्याच्या कोऱ्या नोंदवहीने सर्वांचा कारभार सुरू होण्याचा धोका असतो तो वेगळाच. म्हणून या कामातील पहिला नियम असा आहे: केबल लावताना नवा स्विच बंदच असला पाहिजे. बंद यंत्र केबल लावून मग सुरू केले, तर ते आधीच्या कारभाऱ्याला पाहते आणि मुकाट्याने सदस्य होते. त्याचा आकडा मोठा असला, तरी चालू कारभारी त्या क्षणी गादी सोडत नाही.

दुसरी चूक म्हणजे वर्तुळ आधीच तुटलेले आहे हे न पाहता ते पुन्हा उघडणे. मागची एखादी केबल सैल झालेली असते. निम्म्या क्षमतेवर काम चालूच असल्याने कोणाची तक्रार नसते. अशा वेळी नवे यंत्र बसवण्यासाठी आपण आणखी एक केबल काढली की वर्तुळाचे दोन तुकडे होतात. मग दोन्ही तुकडे स्वतःला मूळ स्टॅक समजतात आणि एकाच पत्त्याने बोलू लागतात. एका गावात एकाच नावाचे, एकाच घर क्रमांकाचे दोन गृहस्थ राहू लागले, तर टपालाचे जे होईल तेच येथे होते.

तिसरी चूक म्हणजे दुसरीकडे वापरलेले यंत्र तसेच आणून बसवणे. मोठ्या शाखेतून उतरवलेला स्विच लहान शाखेला देणे ही काटकसर चुकीची नाही. पण त्याच्या पोटात जुन्या जागेच्या नोंदी असतात. सिस्कोच्या स्विचमध्ये 'व्हीटीपी' नावाची एक सोय आहे. जाळ्याच्या विभागांची यादी एका यंत्राकडून बाकीच्यांकडे ती आपोआप पोहोचवते. या यादीला आवृत्ती क्रमांक असतो आणि मोठा क्रमांक असलेली यादी खरी मानली जाते. जुन्या यंत्रावर अनेक फेरबदल झालेले असल्यास त्याचा क्रमांक मोठा असतो. त्याच संघनामाने हे यंत्र साध्या केबलने चालू जाळ्याला लावले, तर त्याची कालबाह्य यादी सर्वांवर लादली जाते आणि विभागच्या विभाग नाहीसे होतात. नेहमीचे कॉन्फिगरेशन पुसले तरी ही यादी वेगळ्या फाइलमध्ये शिल्लक राहते, हे अनेकांना संकट आल्यावरच समजते. म्हणून दोन्ही पुसावे लागतात आणि स्टॅकमध्ये बसण्यापूर्वी नव्या यंत्राला जाळ्याच्या कोणत्याही तारेला लावू नये.

आधी तयारी, मग केबल

समजा, गडहिंग्लजमधील एखाद्या संस्थेत २४ जोडण्यांचे तीन स्विच स्टॅकमध्ये आहेत आणि ७२ च्या ७२ जागा भरल्या आहेत. चौथा स्विच बसवायचा आहे. प्रत्यक्ष जोडणीला पाव तास पुरतो, पण तयारीला एक-दोन दिवस द्यावे लागतात.

प्रथम नवा स्विच जुन्यांच्या कुळातला आहे ना, हे पाहावे. एकाच कंपनीची, पण वेगळ्या मालिकेची यंत्रे बहुधा एका स्टॅकमध्ये नांदत नाहीत. मग त्याचे सॉफ्टवेअर पाहावे. आवृत्ती जुळत नसेल, तर नवे यंत्र स्टॅकमध्ये दिसते, पण काम करत नाही. येथे एक मोह होतो. नव्या यंत्रात नवे सॉफ्टवेअर आहे, तर जुन्या तिन्हींवरही तेच चढवू, असे वाटते. सॉफ्टवेअर बदलणे म्हणजे सामान्यतः तिन्ही यंत्रे बंद करून सुरू करणे, आणि तेच तर टाळायचे आहे. म्हणून नवे यंत्र वेगळ्या टेबलावर ठेवून, त्याला जुन्यांची आवृत्ती देऊनच आणावे. परवान्याचा प्रकारही त्याच वेळी जुळवून घ्यावा. जुन्यांचे सॉफ्टवेअर सुधारणे आवश्यक असेल, तर ते वेगळे काम समजून, वेगळी वेळ ठरवून करावे.

त्याच टेबलावर नव्या यंत्राच्या सर्व जुन्या नोंदी पुसाव्यात, त्याला चौथा क्रमांक द्यावा आणि प्राधान्यक्रम 'एक' ठेवावा. चालू स्टॅकमध्ये कारभाऱ्याचा आकडा पंधरा आणि त्याच्या वारसाचा चौदा करून ठेवावा. हा बदल काम चालू असतानाच करता येतो. त्याचा खरा उपयोग कळतो तो वीज गेल्यावर. बॅटरी संपून सर्व यंत्रे बंद पडली आणि वीज येताच एकदम सुरू झाली, की निवडणूक पुन्हा होते. तेव्हा कौल योगायोगाने लागू नये. चौथ्या यंत्राच्या जोडण्या कशा असतील, याची नोंदही स्टॅकमध्ये आधीच करता येते. म्हणजे ते आल्या क्षणी त्याच्यासाठी पान तयार असते.

विजेचा हिशेब मात्र बहुतेक जण विसरतात. आयपी फोन आणि कॅमेरे यांना स्विचच नेटवर्कच्या तारेतून वीज पुरवतो. २००३ च्या मानकाप्रमाणे स्विचला एका जोडणीवर कमाल १५.४ वॅट द्यावे लागतात. २४ जोडण्या भरल्या तर हा आकडा सुमारे ३७० वॅट होतो. यात स्विचचा स्वतःचा खर्च धरलेला नाही. २००९ च्या मानकात तर एका जोडणीची मर्यादा ३० वॅटपर्यंत गेली. ज्या यूपीएसवर तीन स्विच तासभर निघत होते, त्यावर चौथा आला की तो वेळ घटतो, आणि यूपीएस आधीच काठावर असेल तर तो भार सोडून देतो. मग केबलचा क्रम कितीही अचूक असला, तरी चारही यंत्रे एकदम बंद पडतात.

शेवटची तयारी कागदाची. चालू कॉन्फिगरेशनची प्रत स्विचच्या बाहेर, दुसऱ्या संगणकावर ठेवावी. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. मागील बाजूचे छायाचित्र घ्यावे. काही बिघडले तर कोणत्या पायरीवरून कसे मागे यायचे, हे आधीच लिहून ठेवावे. कोल्हापूर किंवा बेळगावहून तंत्रज्ञ येईपर्यंत दोन तास जातात. तेवढ्या वेळात जागेवरच्या माणसाच्या हाती हा कागद असणे फार मोलाचे ठरते.

पाव तासाचे काम

आता प्रत्यक्ष जोडणी. सर्वप्रथम वर्तुळ पूर्ण आहे याची खात्री स्टॅकलाच विचारून करावी. तिन्ही यंत्रांच्या दोन्ही मागच्या जोडण्या चालू दिसल्या पाहिजेत. एक जरी बंद दिसली, तर आधी ती दुरुस्त करावी आणि मगच पुढे जावे.

नंतर नवा स्विच कपाटात तिसऱ्याच्या खाली बसवावा. त्याला वीज देऊ नये. तिसऱ्या स्विचमधून पहिल्याकडे जाणारी केबल तिसऱ्याच्या टोकाकडून काढावी. वर्तुळ उघडले, पण पहिला, दुसरा आणि तिसरा हे अजून एका ओळीत जोडलेले आहेत. काम चालू राहते. काढलेले टोक चौथ्या स्विचमध्ये लावावे. नव्या केबलने तिसरा आणि चौथा जोडावा. पहिल्यापर्यंत जाणारी जुनी केबल लांबीला अपुरी पडत असेल, तर मोठी केबल आधीच मागवून ठेवलेली असावी. ही अडचण ऐनवेळी कळणे फार त्रासाचे. केबलचे स्क्रू हाताने पूर्ण आवळावेत. अर्धवट बसलेली केबल थोड्या थोड्या वेळाने जोडली-तुटत राहते आणि तो दोष सापडायला सर्वांत कठीण असतो.

आता चौथ्याला वीज द्यावी. तो सुरू व्हायला काही मिनिटे घेतो. या काळात घाई करून पुन्हा बंद-चालू करू नये. सुरू होताना तो कारभारी शोधतो, सदस्य होतो, आपल्यासाठी तयार ठेवलेले पान वाचतो आणि वर्तुळ मिटते. स्टॅकला पुन्हा विचारावे: चारही यंत्रे तयार स्थितीत आहेत का, कारभारी तोच आहे का, वर्तुळ पूर्ण झाले का? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली की कॉन्फिगरेशन जतन करावे.

यानंतरची एक पायरी अनेक जण सोडून देतात. स्टॅकमधून बाहेर, म्हणजे राउटरकडे किंवा मुख्य स्विचकडे जाणाऱ्या दोन तारा एकाच यंत्रात लावलेल्या असतील, तर ते एक यंत्र बंद पडताच बाकीची तीन चालू असूनही निरुपयोगी ठरतात. म्हणून एक तार पहिल्या आणि दुसरी चौथ्या यंत्रात असावी आणि 'कल्पना'च्या जुन्या युक्तीप्रमाणे दोन्हींचा एकच दोर वळलेला असावा. हा बदल एका वेळी एकच तार हलवून करावा. दोराची नोंद आधी आणि तार नंतर, हा क्रम येथेही पाळावा.

शेवटी संगणक एकेक करून नव्या यंत्रावर आणावेत. तार काढून लावताना त्या एका संगणकाचा संपर्क तुटतो, हे मान्य केले पाहिजे. ती जोडणी संगणकासाठीची आहे, असे स्विचला सांगून ठेवलेले नसेल, तर मूळ पद्धतीत निरोप वाहू लागण्यापूर्वी तो पंधरा सेकंद ऐकण्यात आणि पंधरा सेकंद शिकण्यात घालवतो. खिडकीवरच्या रोखपालाला ही तीस सेकंदे फार मोठी वाटतात. म्हणून ती नोंद आधी करावी आणि खिडकी मोकळी असताना तार हलवावी. 'काम न थांबवता' याचा अर्थ कोणालाच क्षणभरही थांबावे लागणार नाही, असा होत नाही. कोण, केव्हा आणि किती सेकंद थांबेल, हे आपण ठरवतो, एवढाच त्याचा अर्थ.

जेथे स्टॅक नाही

लहान कार्यालयांत स्टॅक नसतोच. आठ किंवा सोळा जोडण्यांचे साधे स्विच एकाला एक लावलेले असतात. तेथे नवे यंत्र जोडायला एक तार पुरते. धोका असतो तो दुसऱ्या तारेचा. टेबलाखाली लोंबणारे एक टोक दिसले म्हणून कोणी ते रिकाम्या जागेत खोचतो आणि नकळत दोन स्विचमध्ये दोन रस्ते तयार होतात. सर्वांसाठी असलेला एखादा निरोप मग या फेऱ्यात अखंड फिरत राहतो, प्रत्येक फेरीत वाढतो आणि काही क्षणांत सारे जाळे गुदमरते. असे फेरे ओळखून जादा रस्ता आपोआप बंद ठेवण्याची 'स्पॅनिंग ट्री' ही पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली. आज ती जगभरातील स्विचमध्ये असते. मात्र सर्वांत स्वस्त यंत्रांत ती नसते, आणि लहान कार्यालयांत बहुधा तीच यंत्रे घेतली जातात.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरातील बेथ इस्रायल डीकनेस या नामांकित रुग्णालयाचे जाळे सुमारे चार दिवस विस्कळीत झाले. जाळे वर्षानुवर्षे गरजेप्रमाणे वाढत गेले होते. स्विचला स्विच जोडले जात होते आणि एकूण रचनेकडे कोणी नव्याने पाहिले नव्हते. स्पॅनिंग ट्रीच्या मूळ मानकात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात टप्पे गृहीत धरलेले आहेत. येथे टप्पे त्याहून अधिक झाले होते. एका संशोधकाच्या प्रणालीने अचानक मोठ्या प्रमाणावर माहिती पाठवायला सुरुवात केली आणि ही व्यवस्था कोलमडली. डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळा यांना कागदावर परतावे लागले. तेथील माहिती विभागाचे प्रमुख जॉन हलामका यांनी ही हकीकत लपवली नाही. इतर रुग्णालयांना धडा मिळावा म्हणून ती उघडपणे मांडली. त्यांच्या जाळ्यातील कोणताही एक स्विच चुकीचा नव्हता, वाढीची रीत चुकीची होती.

कागदावरची दुहेरी सोय

स्टॅक हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हे. कारभारी एक आणि सॉफ्टवेअर एक, ही त्याची सोय आहे, तशीच उणीवही आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोष असला तर तो चारही यंत्रांत एकाच वेळी असतो. म्हणून मोठ्या डेटा सेंटरमध्ये मोक्याच्या जागी दोन स्वतंत्र कारभार असलेली यंत्रे जोडीने ठेवतात, म्हणजे एकाला विश्रांती देऊन दुसऱ्यावर काम चालवता येते. तालुक्याच्या गावच्या संस्थेला एवढा खर्च परवडेलच असे नाही आणि प्रत्येक ठिकाणी त्याची गरजही नसते.

दुहेरी सोय असली म्हणजे निश्चिंत राहावे, असेही नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. बाजाराकडे दोन दूरसंचार कंपन्यांच्या वेगवेगळ्या जोडण्या होत्या, पण दोन्हींत एकाच वेळी बिघाड झाला. रस्त्यांवरील खोदकाम आणि बांधकाम हे त्याचे कारण बाजाराने सांगितले. देशातील सर्वांत सुसज्ज जाळ्यांपैकी एकाची ही गत होते, तर गटाराच्या चरातून गेलेल्या एका फायबरवर विसंबणाऱ्या शाखेने अधिकच सावध असले पाहिजे.

या सावधपणाचा खर्चही फार नाही. नवा स्विच बसवून झाल्यावर एखाद्या कमी गर्दीच्या वेळी, सर्वांना सांगून, वर्तुळातील एक केबल काढून पाहावी. काम चालू राहिले तर केबल परत लावावी. बाहेर जाणाऱ्या दोन तारांपैकी एक काढून तीच परीक्षा घ्यावी. ज्या सोयीची परीक्षा झाली नाही, ती सोय आहे असे समजू नये. ही परीक्षा वर्षातून दोनदा घेणाऱ्या संस्थेला पुढचा, म्हणजे पाचवा स्विच जोडताना घाम फुटणार नाही.

२०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम हाती घेतले. गावोगावची कामे जसजशी जाळ्यावर येतील, तसतसा तालुक्याच्या गावांतील बँका, रुग्णालये आणि कचेऱ्या यांच्यावरचा भार वाढणार आहे. नवी यंत्रे लागतील, ती विकत घेता येतील आणि त्यांच्या किमतीही अंदाजपत्रकात बसतील. आधी टेबलावर तयारी, मग बंद यंत्राला केबल, मग वीज आणि शेवटी परीक्षा, हा क्रम मात्र विकत मिळत नाही. तो जागेवरच्या माणसाने अंगी बाणवावा लागतो. तसे झाले, तर ज्या दुपारी कपाटात चौथा स्विच बसवला जात असेल, त्याच दुपारी खिडकीपाशी आलेले निवृत्त शिक्षक पेन्शन घेऊन परतीची एसटी गाठतील, आणि आत काही काम चालले होते याचा त्यांना पत्ताही लागणार नाही.